होडीत राहिलेला बाप

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन. बोला, प्रभू येशू ख्रिस्त महाराज की जय!

मायबापहो, लदीन आत्ताच झाली. क्रुसापुढच्या मेणबत्त्या अजून जळताहेत, आणि आज वारा पडलाय, म्हणजे माझं बोलणं संपेपर्यंत त्या टिकतील असं दिसतंय. मे महिना आहे. मांडवात मला दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक इथली, बारा महिने इथेच असणारी. दुसरी मुंबईहून, वसईहून, कुणी आखातातून, कुणी बोटीवरून सुट्टीला आलेली. आपण त्यांना चाकरमानी म्हणतो. अजून आठ-दहा दिवस, मग आंबे, आमसुलं, सुके बांगडे खोक्यांत भरले जातील, गाड्या सुटतील आणि हा मांडव अर्धा रिकामा होईल. म्हणून ठरवलं, जे दोघांना ऐकवायचं आहे ते दोघं हजर असताना ऐकवावं. पाठीमागे बोलण्यात काय अर्थ?

निरूपणाला आज एकच वचन. संत मार्कचं शुभवर्तमान, अध्याय पहिला, वचन विसावं. प्रभू येशू गालील समुद्राच्या काठाने चालले आहेत. शिमोन आणि अंद्रिया यांना त्यांनी आधीच बोलावलं आहे. थोडं पुढे गेल्यावर दुसरी होडी दिसते. तिच्यात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ बसून जाळी सांधताहेत. प्रभू त्यांना हाक मारतात. ते उठतात आणि निघतात. बाप, जब्दी, होडीत चाकरांबरोबर राहतो. संपलं वचन.

आपण लहानपणापासून हे ऐकतो, आणि प्रत्येक वेळी आपली नजर कुणाच्या मागे जाते? जाणाऱ्यांच्या. फादर उपदेश करतात तेही त्या दोघांवर, कसं त्यांनी सगळं सोडलं, कसे ते लगेच निघाले. बरोबरच आहे ते. पण आपण किनाऱ्यावरची माणसं. होडीत कोण राहिलं ते आपल्याला आधी दिसायला हवं. आज जाणाऱ्यांना जाऊ दे, आपण होडीत बसू.

आता ही होडी केवढी होती? तुम्ही म्हणाल, महाराज, हे तुम्हाला कसं ठाऊक? सांगतो. शास्त्रात समुद्र म्हटलंय, पण ते गोड्या पाण्याचं सरोवर. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. आपल्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर पुढे नुसतं पाणी. तिथे पलीकडचे डोंगर दिसतात. १९८६ साली तिकडे दुष्काळ पडला, सरोवराचं पाणी मागे हटलं आणि चिखलात दोघा भावांना, तेही मासेमारी करणारेच, एका जुन्या होडीचं लाकूड दिसलं. उकरून काढली. प्रभूंच्या काळातली निघाली. आठ मीटरच्या वर लांब, सव्वादोन मीटर रुंद. आपल्या पातीपेक्षा थोडी मोठी म्हणा. मूळ फळ्या सीडरच्या, आणि मग जिथे जिथे कुजलं तिथे मिळेल त्या लाकडाचं ठिगळ. गरिबाची होडी अशीच असते हो, जगाच्या पाठीवर कुठेही जा. कुणी तुम्हाला सांगेल की ही प्रत्यक्ष प्रभूंची होडी. तसा काही पुरावा नाही, उगाच विश्वास ठेवू नका. आपली श्रद्धा लाकडावर उभी नाही. पण जब्दी ज्यात बसला होता ती साधारण अशी, एवढं धरून चालायला हरकत नाही.

जब्दी अगदी भिकारी नव्हता. त्याच्याकडे चाकर होते. हा तपशील फक्त मार्क देतो. मत्तयाने होडी आणि बाप सोडल्याचं लिहिलं, चाकरांचं नाही. आणि इथेच मला हसूही येतं आणि पोटात कालवतंही. जब्दीच्या घरी मुलगे गेले आणि चाकर राहिले. आपल्या घरांत मुलगेच चाकरमानी होऊन गेले, आणि मागे राहायला चाकरही नाही.

(नामघोष)

जब्दी काय म्हणाला असेल? संपूर्ण शुभवर्तमान चाळून बघा, त्याच्या तोंडी एक शब्द नाही. त्याची बायको बोलते. ती तर प्रभूंपुढे येऊन सरळ मागणंच मागते, माझ्या मुलांना तुमच्या राज्यात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसवा. आई ती आई. मुलगा कामाला लागला की साहेबाला भेटून शब्द टाकायला निघाली! इतर दहा शिष्य रागावले, असं मत्तय सांगतो. प्रभू रागावले नाहीत. त्यांनी तिला एवढंच समजावलं की तू काय मागतेस ते तुला कळत नाही. आणि हीच बाई पुढे कुठे दिसते? क्रुसाच्या वेळी, लांब उभ्या राहून बघणाऱ्या बायकांत. गालीलाहून प्रभूंच्या मागे सेवा करत आलेल्या बायका त्या. परंपरेने तिचं नाव सलोमी. उजवीकडे आणि डावीकडे तिने मागितलेल्या जागी त्या दिवशी दोन चोर टांगलेले होते. तिने ते पाहिलं. आपण काय मागत होतो, हे तिला तेव्हा कळलं असेल.

पण थांबा. म्हणजे मुलगे गेले, आणि नंतर बायकोही गेली! आता जब्दीच्या घरी चूल कोण पेटवतं?

हसलात ना? हसा. पण मी या किनाऱ्यावर वाड्या-वाड्या फिरतो. सून बाळंत झाली म्हणून आई मुंबईला जाते, ती नातवाच्या शाळेपर्यंत तिथेच राहते, आणि इकडे बापूस एकटा पेज शिजवून खातो. अशी घरं मला ठाऊक आहेत. तुम्हालाही आहेत.

अशाच एका वाडीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. दोन मुलगे, दोघेही बाहेर. चांगले आहेत हो मुलगे, पैसे पाठवतात, फोन करतात. दारात होडी आहे. आता ती पाण्यात जात नाही. तरी हे गृहस्थ पावसाआधी तिला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, झावळ्यांनी शाकारतात. मुलगा फोनवर सांगतो, बाबा, विकून टाका. त्यांनी मला सांगितलं, "इकूक गिरायक आसा ओ. पण सकाळी उठान मी जाव खंय?"

मी यावर काही बोललो नाही. होडीला तेल लावणं चालू होतं, मीही एक फडकं घेतलं.

प्रश्न असा आहे मायबापहो, की प्रभूंनी हे केलं का? ज्या प्रभूंनी आईबापांचा मान राखा ही आज्ञा पुन्हा पुन्हा शिकवली, त्यांनीच एका बापाचे दोन्ही हात कापून नेले का? हा प्रश्न विचारणं पाप नाही. विचारला नाही तर वचन कळत नाही.

मार्कचाच पहिला अध्याय पुढे वाचा. विसाव्या वचनानंतर नऊच वचनांनी प्रभू सभास्थानातून निघून शिमोनाच्या घरी जातात, आणि बरोबर कोण? याकोब आणि योहान. घरात शिमोनाची सासू तापाने निजलेली. प्रभू तिचा हात धरून तिला उठवतात. म्हणजे बघा, जाळी सोडायला लावली, पण लगेच पुढे काय केलं? त्याच गावात, घरात जाऊन, म्हाताऱ्या सासूचा ताप उतरवला. कफर्णहूम गावातच त्यांचा मुक्काम असे. होडी जिथे ओढून ठेवत तिथून ते घर काही लांब नव्हतं. मुलगे साता समुद्रापार गेलेले नव्हते, संध्याकाळी बापाला दिसत असतील.

आणि सातव्या अध्यायात तर प्रभू चिडलेले आहेत. कुणावर? जे म्हणत, बाबा, तुला द्यायचा पैसा मी देवाला वाहिलाय, आता तुला देता येत नाही. कुर्बान म्हणायची ती रीत. देवाचं नाव पुढे करायचं आणि आईबापांना टाळायचं. प्रभूंनी तिथे शब्द राखून ठेवलेला नाही. मी स्पष्टच सांगतो, आपल्याकडेही हे आहे. फेस्ताच्या पावतीवर मोठा आकडा, माईकवरून नाव, आणि घरी आवस चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरते. चर्चला द्या, जरूर द्या. पण आधी चष्मा.

(नामघोष)

आता रापणीकडे येऊ. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात प्रभूंनी स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा दिली आहे. कुठलं जाळं? गळ नव्हे, पागायचं छोटं जाळंही नव्हे. समुद्रात सोडायचं, सगळ्या जातीचे मासे त्यात यायचे, भरल्यावर किनाऱ्यावर ओढायचं आणि मग बसून निवडायचं. शहरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, चित्र काढून दाखवावं लागतं. मालवणच्या माणसाला एकच शब्द पुरतो. रापण! होडीने लांबलचक जाळं अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात. एक बाजू ढिली पडली की मासळी तिकडून निसटली. म्हणून रापणीला माणसं लागतात. दहा-वीस नव्हे, कधी पन्नासही लागतात. आता किती ठिकाणी रापण लागते? यांत्रिक नौकांनी मासळी बाहेरच उचलली हे एक कारण, आणि दोरीला हात लावायला माणूस नाही हे दुसरं. स्वर्गाचं राज्य या जाळ्यासारखं आहे असं प्रभू म्हणतात, तेव्हा त्यात दोन्ही टोकांना माणसं हवीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एक टोक होडीतून सोडणाऱ्याच्या हातात, एक किनाऱ्यावर घट्ट उभ्या राहिलेल्याच्या. याकोब आणि योहान गेले ते माणसं धरायला. पण त्यांना जाळं सोडायला, ओढायला, सांधायला शिकवलं कुणी? प्रभूंना तयार हात मिळाले ते जब्दीच्या होडीत.

दोन दाखले देतो आणि मग पुढे जातो.

पहिला आपल्या शेजारचा. फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडचा. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरच्या शेवटी गोव्याला उतरले. पुढची चाळीस वर्षं इथेच. इथली भाषा शिकले, आणि मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोलला छापलं. १६१९ मध्ये वारले, परत मायदेशी गेले नाहीत. हे सगळं तुम्ही ऐकलेलं असेल. मला सांगायचंय ते वेगळंच. गोव्यात पोचून तीन आठवडे होतात न होतात तोच, १० नोव्हेंबर १५७९ ला, या माणसाने एक लांबलचक पत्र लिहिलं. कुणाला? लंडनमध्ये व्यापार करणाऱ्या आपल्या बापाला. ते पत्र पुढे छापलं गेलं म्हणून आज वाचायला मिळतं. आणि त्यात आहे काय? बहुतेक सगळी प्रवासाची हकिकत. वारा कुठे पडला, कुठले पक्षी दिसले, कुठले मासे, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडली, इथल्या माडाची सुर कशी, नारळ कसा. संन्यासी माणूस, घरदार देवाला वाहिलेला, आणि बापाला पान-पान लिहून सांगतो, मी काय काय पाहिलं. कारण बापाला तेच हवं असतं. तू सुखरूप आहेस ना, आणि तिकडे कसं असतं रे?

चाकरमान्यांनो, तुमचे फोन येतात. मिनिटभराचे. "बरा आसस? गोळये घेतंस? ठेवतंय." गोळ्यांची चौकशी डॉक्टरही करतो. तुम्ही तुमचा साहेब कसा आहे ते सांगा. लोकलमध्ये काय झालं ते सांगा. बोटीवर असाल तर कुठल्या बंदरात कसला मासा पाहिलात ते सांगा, बापूस तासभर ऐकेल.

दुसरा दाखला आपल्याच कोकणातला. रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, तिथे १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक. आपल्या कॅथलिक मंडळीतले ते नव्हेत, पण मराठीत भजन-कीर्तनातून प्रभूचं नाव घेणारा जो तो त्यांचं थोडं देणं लागतो, मीही लागतो. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना हाक आली, ते उठले आणि गेले. आणि होडीत कोण राहिलं? लक्ष्मीबाई. पदरी लहानगा दत्तू. त्या घरात, त्या काळात नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायकोवर काय कोसळलं असेल! त्यांनीच ते पुढे स्मृतिचित्रे या पुस्तकात लिहून ठेवलं, आणि तेही रडगाणं न गाता, स्वतःला हसत हसत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, वाचता येत नसेल त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं.

काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग एकत्र आल्या, पण नवऱ्याने सांगितलं म्हणून लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपल्या पायांनी, आपल्या चालीने आल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आणि टिळकांनी प्रभूंच्या चरित्रावर ख्रिस्तायन हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. थोडेच अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते वारले. ते पुरं कुणी केलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. साठाहून जास्त अध्याय त्यांचे! जो पुढे निघून गेला त्याच्या हातून जाळं अर्धं राहिलं, आणि मागे राहिलेलीने ते विणून काढलं.

(नामघोष)

आता थोडं कडू बोलतो. मागे राहिलेला प्रत्येकजण शांत बसून जाळी सांधतो असं नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ आठवा. धाकटा उधळ्या, तो परत आला, वाजंत्री लागली, मेजवानी सुरू झाली. थोरला शेतातून येतो आणि दारात अडून बसतो. आत जात नाही. त्याचं म्हणणं तरी काय चुकीचं आहे? इतकी वर्षं मी राबलो, आणि मला कधी एक करडू नाही मिळालं.

आपल्याकडे हे भांडण सातबाऱ्यावर येतं. एक भाऊ इथे राहिला. आईचं दुखणं त्याने काढलं, पावसात कौलं त्याने परतली, मयताला खांदा त्याने दिला. दुसऱ्याने बाहेरून पैसे पाठवले, चिऱ्याच्या भिंती त्या पैशातून उभ्या राहिल्या. मग मे महिन्यात दोघं समोरासमोर येतात. हा म्हणतो, घर मी सांभाळलं. तो म्हणतो, घर मी बांधलं. दोघेही खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. खोटं बोलणारा एखादा असता तर पंचांनी निकाल दिला असता. ज्या घराच्या वाटणीवरून भाऊ बोलेनासे झाले त्या घराला शेवटी कुलूप लागलेलं मी पाहिलं आहे, आणि कुलपावर गंज.

बाप काय करतो त्या दृष्टान्तात? धाकटा लांब असतानाच धावत गेला, हे आपण नेहमी सांगतो. पण थोरला रुसला तेव्हाही बाप घरात बसून राहिला नाही. भरल्या पंगतीतून उठला, बाहेर आला आणि त्याची विनवणी करू लागला. एका दिवसात दोन वेळा तो म्हातारा दाराबाहेर गेला, एकदा आलेल्यासाठी, एकदा राहिलेल्यासाठी. राहिलेल्याला त्याने सांगितलं की माझं जे आहे ते तुझंच आहे. हे वाक्य आपल्या घरांत कुणी मोठ्याने बोलतं का? बाहेरून पैसे पाठवणाऱ्या भावाने इथल्या भावाला एकदा तरी म्हटलंय का, तू होतास म्हणून आवस सुखाने गेली? भाऊ मांडवातच असेल. आज रात्री म्हणा. कागद नंतर बघू.

थोरला मग आत गेला की नाही? प्रभूंनी सांगितलेलं नाही. दृष्टान्त दारातच थांबतो.

तसंच जब्दीचं. पुढे त्याचं काय झालं, कळत नाही. मुलांचं कळतं. याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलं, सन ४४ च्या सुमारास. बारांतला तो पहिला रक्तसाक्षी. बाप तोवर हयात होता का, शास्त्र सांगत नाही. योहान क्रुसाखाली उभा राहिला, आणि प्रभूंनी मरताना आपली आई त्याच्या हाती दिली. त्या घटकेपासून त्याने तिला आपल्या घरी नेलं. आपल्या घरी! ज्याने बापाची होडी सोडली, त्याच्याच घरी प्रभूंनी आपल्या आईची सोय केली. ज्याने सोडलं त्यालाच सांभाळणं जमेल, एवढा भरवसा प्रभूंना होता.

आणि एक जागा. पुनरुत्थानानंतर योहानाच्या एकविसाव्या अध्यायात सात शिष्य रात्रभर मासे धरायला जातात, काही मिळत नाही, पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभे. निखारे पेटवलेले, त्यावर मासळी, बाजूला भाकर. त्या सातांत हे दोघे भाऊ आहेत. तिथे त्यांची नावं दिलेली नाहीत. नुसतं म्हटलंय, जब्दीचे मुलगे. तीन वर्षं सोडून गेले होते, मेलेला प्रभू उठलेला त्यांनी पाहिला होता, आणि तरी किनाऱ्यावर आल्यावर त्यांची ओळख काय? बापाची. आपल्याकडे नाही का विचारत, तू कुणाचो रे?

१ जूनपासून यांत्रिक नौकांना दोन महिने बंदी. होड्या वर ओढल्या जातील, त्याआधी चाकरमानी गेलेले असतील. आता आपण प्रार्थना करू. उभे राहा. म्हाताऱ्यांनी बसूनच असा. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी मुलांची नावं मोठ्याने घ्या. आणि जे बाहेरून आलेत त्यांनी इथे कोण राहिलंय त्यांची नावं घ्या, बापाची, आवशीची, भावाची, न लग्न केलेल्या बहिणीची. लाजू नका. प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी म्हणायचं, प्रभू, यांना सांभाळ.

पहिलं नाव मी घेतो. जब्दी.